अकरा ते तीन

शोरूमचा एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. नव्या गाडीची फेरी द्यायची ती सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळातच. गिऱ्हाईक साडेनऊला येऊन उभं राहिलं तर त्याला कॉफी पाजायची, रंगांचे नमुने हातात द्यायचे, सीटच्या कापडावरून हात फिरवू द्यायचा, पण अकराच्या आत गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. चारला कोणी आलं तर 'उद्या या, निवांत फिरवतो' असं गोड बोलून वाटेला लावायचं. असं का, हे कोणी विचारत नसे. नव्यांना वाटे, रहदारीमुळे असेल. जुन्यांना वाटे, मॅनेजरला दुपारनंतर डुलकी लागते म्हणून असेल. ब्रेकबाईंना काहीच वाटत नसे, आणि इथेच त्यांचं चुकलं.

ब्रेकबाई हे नाव त्यांना मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मिळालं होतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्यावर असा काही पडायचा की शिकणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलायचं. अठरा वर्षं त्यांनी हेच केलं. शहरातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातला पहिला क्लच सोडला तो बाईंच्या शेजारी बसून आणि त्यांची बोलणी खाऊन. पुढे शाळा बंद पडली आणि शोरूमने त्यांना सन्मानाने बोलावून घेतलं. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे." खरं होतं ते. विश्वास होता, आणि तोच त्याला हवा होता.

नव्या गाडीत 'सारथी' नावाची सोय होती. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या बघून गाडी आपलं आपण स्टिअरिंग वळवायची, पुढच्या गाडीपासून अंतर राखायची, मधे काही आलं तर ब्रेक मारायची. कंपनीच्या जाडजूड पुस्तिकेत दोनशे बाराव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चालकाने हात स्टिअरिंगवर व लक्ष रस्त्यावर ठेवावे.' शोरूमच्या भिंतीवर मात्र पुरुषभर उंच अक्षरांत लिहिलं होतं, 'तुम्ही बसा. सारथी बघेल.' दोन्ही वाक्यं एकाच कंपनीची. एक विकायला, दुसरं कोर्टात दाखवायला.

आणि मग होती टाळी. शहराबाहेर तीन किलोमीटरचा सरळ रस्ता होता, पट्ट्या कोऱ्या करकरीत. तिथे पोहोचलं की फेरी देणाऱ्याने स्टिअरिंग सोडून तीन टाळ्या वाजवायच्या. पंधरा सेकंदांनी गाडी 'हात ठेवा' म्हणून कुरकुरायला लागे, म्हणून टाळी दहा सेकंदांत उरकायची. पहिल्या टाळीला गिऱ्हाईक घाबरे, दुसरीला हसे, तिसरीला स्वतःच टाळ्या वाजवू लागे. ब्रेकबाईंची टाळी सगळ्यांत फर्मास. ज्या बाईंनी अठरा वर्षं 'दोन्ही हात स्टिअरिंगवर!' म्हणून लोकांना फैलावर घेतलं, त्याच हात सोडतायत म्हटल्यावर गाडीवर कोण शंका घेणार? बाईंना त्यात गंमतही वाटू लागली होती. खोटं कशाला बोला, भारी गंमत वाटू लागली होती.

एका गुरुवारी त्या दुसऱ्या शाखेतून फेरीची गाडी आणायला गेल्या. कागदपत्रांत वेळ गेला आणि निघायला साडेपाच वाजले. रस्ता सरळ मावळतीकडे. सारथी चालू होता आणि बाई दोन्ही हातांनी पेपरमिंटचा कागद सोडवत होत्या. एवढ्यात गाडीने तीनदा पिपाणी वाजवली, पडद्यावर अक्षरं आली, 'कॅमेरा तात्पुरता बंद. गाडी हाती घ्या', आणि स्टिअरिंग मेल्यासारखं सैल पडलं. कागद सोडून हात स्टिअरिंगवर जाईपर्यंत गाडीची डावी चाकं डांबर सोडून खडीत उतरली होती. बाईंनी ती सावरली, कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. समोर सूर्य काचेत भरून उभा होता.  शिकाऊ मंडळींच्या हातून गाडी खडीत उतरताना बाईंनी पुष्कळदा पाहिली होती, स्वतःच्या हातून पहिल्यांदाच.

शोरूमला पोहोचल्याबरोबर त्यांनी वर्कशॉपच्या फोरमनला गाठलं. तो हात पुसत शांतपणे म्हणाला, "मग तुम्हाला काय वाटलं, अकरा ते तीन कशासाठी आहे?"

"कशासाठी?"

"ऊन डोक्यावर असलं की सारथीला सगळं दिसतं. समोरून आलं की तो आंधळा. प्रत्येक वेळी होतं असं नाही, पण होतं. गेल्या वर्षी संध्याकाळच्या फेरीत गाडी दुभाजकाला घासली. तेव्हापासून वेळ ठरवली साहेबांनी."

"आणि घेणाऱ्यांना कोण सांगतं हे?"

"पुस्तिकेत असेल की." एवढं बोलून तो परत गाडीखाली गेला.

बाई तिथेच एका टायरवर बसल्या. लोक सकाळी कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. अकरा ते तीन गाडी चालवतं कोण? तर ती विकणारे. आपण किती जणांसमोर टाळ्या पिटल्या याचा हिशोब त्यांनी करून बघितला आणि शंभराच्या पुढे गेल्यावर सोडून दिला. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता. साहेबांनी आपल्याला फसवलं म्हणावं तर आपणही कधी 'का' म्हणून विचारलं नव्हतं. शिकाऊ माणसाने आरसा न बघता गाडी वळवली तर त्या त्याला अख्खा आठवडा आरसाच बघायला लावायच्या.

दुसऱ्या दिवशी घड्याळकाका गाडी न्यायला आले. चाळीस वर्षं त्यांनी बाजारातल्या बोळात घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान आता बंद होतं, पण डाव्या डोळ्याला भिंग लावून बसायची सवय मानेत राहिली होती, ती मान कायम जरा कललेली. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना फेरी बाईंनीच दिली होती. दुपारी बाराला. काकांनी तिसऱ्या टाळीला आपल्याही टाळ्या मिसळल्या होत्या.

गाडी ताब्यात देताना एक कागद भरायचा असे. त्यावर बत्तीस चौकोन. जादा टायर दाखवला, बरोबर. वायपर दाखवले, बरोबर. बत्तिसावा चौकोन होता, 'सारथीच्या मर्यादा समजावून सांगितल्या.' तिथे सगळेच डोळे झाकून बरोबरची खूण करायचे, मग फेरी देणाऱ्याची सही व्हायची आणि किल्ली दिली जायची. आज बाई एकतीस चौकोन भरून थांबल्या.

"काका, गाडी कुठे नेणार तुम्ही? रोजचं जाणं कुठे?"

"रोजचं नाही. सोम, बुध आणि शनि. हिचं डायलिसिस असतं." त्यांनी कोचावर बसलेल्या काकूंकडे हात केला. काकू बारीक, मनगटाला पट्टी, मांडीवर पिशवी. "सहाला निघायचं. सातला खुर्ची मिळते. उशीर झाला की ती दुसऱ्याला जाते."

 डायलिसिस होतं ते रुग्णालय बाईंना चांगलं माहीत होतं. रस्ता नाकासमोर पूर्वेला जायचा.

"काका, सकाळी समोरून ऊन येतं त्या रस्त्यावर."

"हो ना! तोच तर त्रास आहे." काका पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. मोतीबिंदू काढला, पण डॉक्टर म्हणतात आतला पडदाच विरलाय. सावलीत ठीक दिसतं. ऊन आलं की सगळं पांढरं. मुलाला सांगितलं नाही, तो लांब राहतो, उगाच जीव टांगणीला. म्हणून तर ही गाडी घेतली. मला नाही दिसलं तरी तिला दिसतंय ना!"

बाईंनी तिथल्या तिथे सगळं सांगितलं. अकरा ते तीन, कालचं साडेपाच, सैल पडलेलं स्टिअरिंग, काही हातचं राखलं नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि समजूत घातल्यासारखं हसले.

"असं कसं होईल, बाई? तुम्हीच तर दाखवलंत. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

 तोंडाने सांगितलेलं डोळ्यांनी बघितलेल्यापुढे टिकत नाही, आणि डोळ्यांनी दाखवायचं काम बाईंनी स्वतःच चोख केलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, किल्ली उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"काका, उद्या शनिवार. सहाला मी गाडी घेऊन तुमच्या दारात येते. चालवीन मी. तुम्ही शेजारी बसून बघा. बघून झाल्यावर हवी असेल तर तिथेच सही करून किल्ली तुमच्या हातात देते."

मॅनेजर काचेच्या खोलीतून हे बघत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं, गिऱ्हाइकांसमोर असतं ते. बाईंना त्याने आत बोलावलं आणि दार लावल्यावर ते हसू उतरवून ठेवलं.

"गाडी त्यांच्या नावावर झाली आहे, मॅडम. आजच गेली पाहिजे."

"माझ्या सहीशिवाय जाणार नाही. नियम तुमचाच आहे."

"एक चौकोन आहे तो! आजवर शेकड्यांनी भरलेत तुम्ही."

"भरले. त्याचीच लाज वाटतेय."

"सगळ्या कंपन्या असंच विकतात. लोकांनाही कळतं हो, जाहिरात ती जाहिरात."

"त्या माणसाला उन्हात दिसत नाही, साहेब. त्याने गाडी नाही घेतली, डोळे घेतलेत. आणि ते डोळे त्याच वेळी मिटतात."

मॅनेजरने टेबलावर बोटं वाजवली. वाईट माणूस होता असं नाही. महिनाअखेर आली की बरेचजण असेच होतात. "अकराच्या आत फेरी दिलेली चालत नाही इथे," तो म्हणाला.

"ही फेरी नाही. मी बत्तिसावा चौकोन भरायला जातेय. उद्या आठला फोन करते. त्यांनी बघून हो म्हटलं तर सही करीन. मला काढायचं असेल तर त्यानंतर काढा."

शनिवारी सहाला पाच मिनिटं कमी असताना गाडी घड्याळकाकांच्या दारात उभी होती. आकाश उजळलं होतं. बाईंनी काकूंसाठी वेगळी टॅक्सी बोलावते म्हणून सांगून पाहिलं, पण काकू ऐकेनात. "गाडी घेतली माझ्यासाठी आणि मीच टॅक्सीने जाऊ?" त्या मागे बसल्या, पट्टा लावला आणि पिशवी मांडीवर घेतली. बाईंनी मनाशी ठरवलं होतं, सारथी चालू ठेवायचा, पण हात स्टिअरिंगपासून बोटभरसुद्धा लांब न्यायचे नाहीत आणि वेग पन्नासच्या वर जाऊ द्यायचा नाही.

पहिली पंचवीस मिनिटं गाडी शहाण्या पोरासारखी चालली. रस्त्याला झाडं होती, ऊन अजून झाडांआड होतं. वळणं घेतली, ट्रकच्या मागे अंतर ठेवलं, सगळं बिनचूक. काकांची कळी खुलली. "बघा! मी म्हणत नव्हतो? उगाच घाबरता तुम्ही."  क्षणभर बाईंनाही वाटलं, नाही झालं काही तर? मग सही करावी लागेल. शब्द दिला होता.

पाण्याच्या टाकीपाशी झाडं संपली आणि रस्ता सरळ पूर्वेला वळला. सूर्य क्षितिजावर चार बोटं आला होता. एकदम सगळी काच पेटल्यासारखी झाली. बाईंनी काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली. पाच सेकंद गेले, दहा गेले. मग तीच पिपाणी, तीच अक्षरं, आणि हाताखाली स्टिअरिंग सैल.

"काय झालं?" काकांनी विचारलं. "कुठे आहोत आपण? मला काही दिसत नाही."

"सायकल!" मागून काकू ओरडल्या. "डावीकडे! दुधाचे कॅन लावलेत, हळू!"

बाईंचा पाय ब्रेकवर गेला होताच, पण खरं सांगायचं तर काकूंच्या आवाजानंतर गेला. सायकलवाला त्यांना अर्धा क्षण उशिरा दिसला. गाडी त्याच्यामागे दोन हात अंतरावर थांबली. त्याने वळून पाहिलं, एक शिवी हासडली आणि पुढे निघून गेला. गाडीने ब्रेक मारला नव्हता. गाडीला तो दिसलाच नव्हता.

बाईंनी गाडी कडेला घेतली.  काका दोन्ही तळवे मांडीवर टेकून समोरच्या पांढऱ्या उजेडाकडे बघत होते, म्हणजे बघायचा प्रयत्न करत होते.

"मग त्या दिवशी टाळी का वाजवलीत?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"ते माझं काम होतं, म्हणून. आणि मला त्यात मजा येत होती. गाडी इतर वेळी काय करते हे मी विचारलंच नाही. चुकलं माझं, काका."

काकांची मान आणखी कलली. "माझ्याकडे घड्याळं यायची," ते म्हणाले. "कितीही खटपट केली तरी काही घड्याळं रोज दोन मिनिटं मागे पडतात. मी ते सांगून द्यायचो. हे मागे पडतं, रोज सकाळी लावून घ्या. एकाही माणसाने त्यापायी घड्याळ टाकून दिलं नाही. सांगायला काय जातं हो?"

बाईंनी मान खाली घातली. हे त्यांना लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मागे काकू रडत होत्या. आवाज न करता, पिशवीच्या बंदाने डोळे टिपत. बाईंना वाटलं, घाबरल्या. त्यांनी वळून पाण्याची बाटली पुढे केली. काकूंनी ती घेतली नाही.

"दोन वर्षं मीच सांगते यांना," त्या म्हणाल्या. "जुन्या गाडीत. डावीकडे सायकल, पुढे कुत्रं, आता सिग्नल लाल. जाताना तीस किलोमीटर आणि येताना तीस. येताना तर इतकी गळून गेलेली असते मी, तरी डोळा मिटत नाही. मिटला तर गाडी कोण बघणार? हे कुणाला सांगत नाहीत, म्हणून मीही नाही सांगत." त्यांनी श्वास घेतला. "परवा म्हणाले, नवी गाडी आली की तू मागे खुशाल झोप. आता गाडी बघेल. मी आज झोपणार होते हो. तुम्ही आला नसतात तर मी झोपलेच असते."

काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, गाडी उभी होती तरी. गाडीत डोळे होते ते एवढेच, मागच्या सीटवरचे, थकलेले. आणि तेवढेच मिटायला आपण सांगितलं होतं. भिंतीवर लिहून, टाळ्या वाजवून, हसत हसत सांगितलं होतं.

"चला," काका शेवटी म्हणाले. "सातला खुर्ची जाईल तिची."

बाईंनी सारथी बंद केला आणि राहिलेला रस्ता स्वतः चालवला. उन्हातून, सावकाश, झडपेखालून डोळे बारीक करून. काकूंना खुर्ची मिळाली. त्यांना आत सोडून काका बाहेर आले तेव्हा आठ वाजत होते आणि बाईंच्या हातात फोन होता.

"साहेब, गाडी परत आणतेय," त्या म्हणाल्या. "कागदावर सही नाही. होणारही नाही."

पलीकडून मोठा आवाज आला. काकांनाही ऐकू गेला. बाईंनी तो संपू दिला.

"काढा ना. पण त्यांचे पैसे पूर्ण परत जातील, आणि अकरा ते तीन का ते मी आजपासून येईल त्या प्रत्येकाला सांगणार. तुमच्या फाटकाच्या आत राहून सांगू की बाहेर उभी राहून, तेवढं तुम्ही ठरवा. या शहरातले निम्मे लोक मला ओळखतात."

पलीकडचा आवाज खाली आला. मग मॅनेजर म्हणाला, "गाडी आणा. मग बोलू." फोन बंद झाला.

काका बाकावर बसले होते. "सोमवारचं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

"रुग्णालयाची व्हॅन आहे. दारापर्यंत येते. पहिल्यापासून विचारतायत ते." काका आपल्या बोटांकडे बघत राहिले. "मीच नको म्हणत होतो. म्हटलं, मी धडधाकट असताना ती दुसऱ्याच्या गाडीत का म्हणून जाईल?" मग ते उठले, आत गेले आणि व्हॅनच्या यादीत नाव घालून आले. बाईंना त्यांनी ते दोनदा सांगितलं, सोमवार, बुधवार आणि शनिवार, तिन्ही दिवस.

साडेअकराला काकू बाहेर आल्या. भिंतीला धरत, चेहरा मेणासारखा. काकांनी त्यांना मागे बसवलं, पट्टा लावून दिला आणि स्वतः बाईंच्या शेजारी बसले. गाडी रुग्णालयाच्या फाटकातून बाहेर पडली. ट्रॅक्टर गेला, शाळेची बस गेली, एक म्हातारा रस्ता ओलांडून गेला. मागून काहीच आवाज आला नाही.

काकांनी वळून पाहिलं. काकूंचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, पिशवी मांडीवरून घसरून खाली पडलेली.

"बाई," काका अगदी हळू म्हणाले, "जरा सावकाश घ्या. झोपलीय ती."